उत्तरे दोन, गुण शून्य

कन्नड तालुक्यातील पिशोर परिसरात मका हे नुसते पीक नाही. घराघरांतील वर्षाचे अंदाजपत्रक त्याच्या भावावर ठरते. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘मागणी आणि पुरवठा’ हे प्रकरण शिकविताना उदाहरण मक्याचेच घ्यावयाचे, असा प्रस्तुत लेखकाचा परिपाठ आहे. २०२४ च्या आरंभी या प्रकरणावर विद्यार्थ्यांची एक संगणकीय चाचणी घेतली. त्यातील एक प्रश्न असा होता : ‘यंदा मक्याचा भाव वाढण्याचे कारण कोणते?’ खाली चार पर्याय होते : पुरवठा घटला, मागणी वाढली, उत्पादन विक्रमी झाले, वाहतूक स्वस्त झाली. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यावर पावसाची अवकृपा झाली होती. साहजिकच ‘पुरवठा घटला’ हे उत्तर मी उत्तरतालिकेत नोंदविले आणि निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. त्याने ‘मागणी वाढली’ हा पर्याय निवडला होता आणि त्याला शून्य गुण मिळाला होता. तो म्हणाला, “सर, पाऊस कमी झाला हे खरंच आहे. पण इथेनॉलवाले मका उचलायला लागलेत, हेही खरं आहे. मला दोन्ही कारणं द्यायची होती. पण एकावर बोट ठेवलं की दुसऱ्यावरची खूण आपोआप जात होती.”

मुलगा बरोबर बोलत होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते आणि त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढू लागली होती. एकाच वर्षी पुरवठा आखडावा आणि मागणी फुगावी, असा योग जुळून आला होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे उत्तर माझ्या उत्तरतालिकेपेक्षा अधिक पूर्ण होते. परंतु ते नोंदविण्याची सोयच मी ठेवलेली नव्हती.

चूक उमगल्यावर मी ती दुरुस्त करावयास बसलो आणि दुसरी चूक केली. प्रश्नाखाली ‘योग्य ते सर्व पर्याय निवडा’ अशी सूचना घातली, दोन्ही उत्तरे बरोबर म्हणून नोंदविली आणि चाचणी पुन्हा घेतली. या खेपेस ज्यांनी दोन्ही कारणे ओळखली त्यांना पूर्ण गुण मिळाले. ज्यांनी एकच ओळखले त्यांना मात्र शून्य, आणि ज्यांनी ‘उत्पादन विक्रमी झाले’ असे बेधडक ठोकून दिले त्यांनाही शून्यच. अर्धे जाणणारा आणि काहीच न जाणणारा यांना यंत्राने एकाच पंक्तीला बसविले. दोष यंत्राकडे नव्हता. पंगतीची आखणी माझी होती.

हा प्रसंग एका खेड्यातील, एका वर्गातील आणि अवघ्या एका गुणाचा. तरीही त्याचा ऊहापोह येथे करावासा वाटला, कारण पर्याय निवडून उत्तर देण्याची ही पद्धत आता आपल्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बहुतेक दारांवर उभी आहे. शासकीय सेवेतील असंख्य कारकून बंधूंनी ‘एमएस-सीआयटी’ची परीक्षा संगणकासमोर बसूनच दिली. शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’ या संकेतस्थळावर आले. ऑक्टोबर २०२० मध्येच, कोविडच्या छायेत, राज्यातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यतः पर्यायी प्रश्नांवर उरकल्या. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयं’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीला जोडता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा एका सत्रातील चाळीस टक्के अभ्यासक्रमांपर्यंत नेली आहे. सारांश, प्रश्नाखालच्या चार ओळी कशा लिहाव्यात, हा प्रश्न आता आपल्या मुलांच्या भवितव्याचा झाला आहे.

एकाच उत्तराचा हट्ट

पर्यायी प्रश्नाचा जन्म काही दुष्ट हेतूने झाला नाही. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाला दिले जाते. एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळे शिक्षक निरनिराळे गुण देतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. परीक्षकाच्या लहरीतून विद्यार्थ्याला सोडवावे आणि शिक्षकाचा वेळ वाचवावा, हा हेतू मनात धरून १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी वाचनाची एक चाचणी रचली. उत्तर एकच असावे आणि त्याविषयी दुमत नसावे, हे तिचे मुख्य सूत्र होते. पुढे १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि लक्षावधी सैनिकांची पारख करण्यासाठी सैन्याने हीच पद्धत उचलली. १९३८ मध्ये पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण मोजणारे यंत्र बाजारात आले आणि या पद्धतीचा जम बसला तो कायमचाच.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ‘उत्तर एकच’ हा नियम ज्ञानाच्या स्वरूपातून आलेला नाही; तो गुणमोजणीच्या सोयीतून आला आहे. पाणी किती अंशांवर उकळते, या प्रश्नाला तो शोभतो. शेतकरी कर्जबाजारी का होतो, गिरणी का बंद पडते, मुलगी शाळा का सोडते, या प्रश्नांना तो शोभत नाही. समाजशास्त्रांमध्ये एका परिणामाला एकच कारण असणे हा अपवाद आहे. वर्षानुवर्षे ‘चारांतील एक’ निवडणारा विद्यार्थी नकळत असे धरून चालतो की, एक कारण सापडले की बाकीची खोटी ठरतात. गावच्या पारावर चालणाऱ्या वादात हाच दोष आपल्याला दिसतो, आणि तो आम्ही शिक्षकांनी परीक्षेतून घोटून घेतलेला असतो.

उत्तर एकच आहे असे गृहीत धरून चालल्याने केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचा दाखला २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेने दिला. लातूरपासून संभाजीनगरपर्यंत मराठवाड्यातील हजारो घरांनी तो धडधडत्या अंतःकरणाने पाहिला. ५ मे २०२४ रोजी झालेल्या या परीक्षेत अणूविषयीच्या दोन विधानांवर एक प्रश्न होता. ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ अशा आशयाचे दुसरे विधान पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या आधाराने बरोबर ठरत होते, तर नव्या आवृत्तीप्रमाणे चूक. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सूचनेवरून दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय ग्राह्य ठरविला आणि २३ जुलै रोजी त्याप्रमाणे निकाल सुधारण्याचा आदेश झाला. दुसरा पर्याय निवडणाऱ्या सुमारे चार लाख वीस हजार विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले : मिळालेले चार आणि चुकीच्या उत्तराचा दंड म्हणून एक. पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

या प्रश्नात दोन उत्तरे असावीत, अशी रचनाकाराची मुळीच इच्छा नव्हती. ती अपघाताने शिरली. जेथे प्रत्येक गुणावर हजारोंचा क्रम बदलतो, तेथे या अपघाताची किंमत विद्यार्थ्याने मोजली. राष्ट्रीय परीक्षांत निदान हरकत घेण्याची सोय असते. लोकसेवा आयोगही प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो आणि प्रसंगी प्रश्न रद्द करतो. गावातील महाविद्यालयाच्या संगणकीय चाचणीत यातले काहीच नसते. माझ्या दारात आलेला विद्यार्थी धीट होता म्हणून चूक उघडकीस आली. जे आले नाहीत, त्यांनी आपलेच चुकले असे समजून ते पान मिटले असेल.

अनेक उत्तरांच्या प्रश्नाचे सोंग

तेव्हा जेथे उत्तरे अनेक आहेत, तेथे तसे उघडपणे मान्य करून प्रश्न रचणे हाच सरळ मार्ग. हा मार्ग नवा नाही. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत ‘एक किंवा अधिक पर्याय बरोबर’ असे प्रश्न फार वर्षांपासून येतात. अभियांत्रिकी पदवीधरांच्या ‘गेट’ परीक्षेत ते २०२१ साली आले. त्या वर्षी परीक्षेची धुरा मुंबईच्या आयआयटीकडे होती आणि त्याच वर्षी मानव्यविद्यांचा पेपर सुरू होऊन त्यात अर्थशास्त्राचाही समावेश झाला.

मात्र या प्रश्नाचे सोंग घेतलेले दुसरे प्रकार अधिक प्रचलित आहेत, आणि ते फसवे आहेत. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक उमेदवाराला ‘फक्त १ आणि २’, ‘फक्त २ आणि ३’, ‘वरील सर्व’ हा साचा पाठ असतो. दिसावयास येथे अनेक विधानांची पारख आहे. वस्तुतः उत्तर एकच निवडावयाचे आहे. एखादे विधान निश्चित चूक आहे एवढे कळले की, ते ज्या ज्या पर्यायात आहे ते सर्व गळतात आणि उरलेल्या विधानांचा विचारही न करता उत्तर हाती येते. हे कसब शिकविण्याचे वर्ग चालतात.

ही पळवाट बुजविण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२३ च्या पूर्वपरीक्षेत ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ अशा प्रश्नांचा सढळ वापर केला. पर्याय असे : केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही. पळवाट बुजली खरी. पण एक नवी उघडली. समजा, दुसरे आणि तिसरे विधान बरोबर आहे आणि उमेदवाराने पहिले आणि दुसरे बरोबर मानले. दोन विधानांविषयी त्याचे मत साफ चुकले, तरी ‘केवळ दोन’ हे त्याचे उत्तर बरोबर ठरते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. लाखो उमेदवारांतून निवड करावयाची असताना आयोगासमोर काही अडचणी असतील. परंतु शिकविण्यासाठी रचलेल्या अभ्यासक्रमात या दोन्ही साच्यांना जागा असू नये. तेथे विद्यार्थी नेमका कोठे चुकला, हे कळणे महत्त्वाचे असते आणि हे साचे नेमके तेच लपवितात.

मराठीचा पेच

येथे एक अडचण आपल्या भाषेतून उद्भवते. इंग्रजीत प्रश्नातील क्रियापदाची एकवचनी आणि अनेकवचनी अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवली की काम भागते. मराठीत तसे नाही. ‘कोणते विधान बरोबर आहे?’ असे विचारले की उत्तर एकच असल्याचे फुटते. ‘कोणती विधाने बरोबर आहेत?’ असे विचारले की निदान दोन असल्याचे फुटते. नाम, सर्वनाम आणि क्रियापद ही तिन्ही वचन सांगून टाकतात. म्हणून मग आपल्या प्रश्नपत्रिकांतून ‘कोणते/ती विधान/ने बरोबर आहे/त’ अशी तिरप्या रेघांची भाषा अवतरली. ती वाचताना परीक्षार्थीची जीभ अडखळते आणि भाषेच्या शिक्षकाला तर घेरीच यावी.

वास्तविक या पेचातून सुटका सोपी आहे. प्रश्न विचारूच नये, आज्ञा करावी. ‘मक्याचा भाव वाढण्यास जे जे कारण ठरले असेल त्या प्रत्येकावर खूण करा’ किंवा ‘पुढील प्रत्येक विधान तपासा आणि बरोबर असेल त्यावर खूण करा’ असे लिहिले की वचनाचा प्रश्नच मिटतो. शिवाय ‘प्रत्येक’ या शब्दाने विद्यार्थ्याला त्याचे काम काय आहे हे नेमके कळते : चारांतून एक हुडकून काढणे हे काम नसून चार वेळा निर्णय घेणे हे काम आहे.

पडद्यावरची एक खूणही येथे सांगितली पाहिजे. जेथे एकच उत्तर निवडावयाचे तेथे संगणक पर्यायापुढे गोल दाखवितो. जेथे अनेक निवडता येतात तेथे चौकोन. संगणकाशी सराव असलेल्यांना हा संकेत अंगवळणी पडलेला असतो. परंतु वडिलांच्या मोबाइलवर चाचणी देणाऱ्या मुलाला तो कोणी सांगितलेला नसतो. त्यातच पडदा लहान, पर्याय लांबलचक, आणि चौथा पर्याय पडद्याखाली दडलेला. तेव्हा गोल-चौकोनावर विसंबून न राहता सूचना शब्दांत लिहावी, प्रत्येक प्रश्नात लिहावी आणि पर्याय एका ओळीत मावतील इतके आखूड ठेवावेत. हे करावयाला पैसा लागत नाही.

गुणांचा हिशेब

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. अनेक उत्तरांच्या प्रश्नाचे गुण कसे द्यावेत? येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला बोलण्याचा थोडा अधिकार आहे, कारण गुणदानाचा नियम हे एक प्रकारचे भावपत्रक असते. ज्या वर्तनाला भाव मिळतो, ते वर्तन वाढते.

पहिला नियम ‘सर्व काही किंवा काहीच नाही’ असा. गूगल फॉर्म्सवर चौकोनी पर्यायांच्या प्रश्नाची आपोआप तपासणी होते ती याच रीतीने. ‘गेट’मध्येही अंशतः गुण नाहीत, मात्र या प्रश्नांना दंडही नाही. याचा लाभ असा की, आंधळ्या अंदाजाला फारसा वाव उरत नाही. चारांतून एक निवडताना नशीब साथ देण्याची शक्यता चारांत एक असते. येथे निदान एक पर्याय बरोबर असे धरले तर निवडीचे पंधरा प्रकार संभवतात, म्हणून ती पंधरांत एक होते. तोटा मी माझ्या वर्गात पाहिला : जवळजवळ सारे जाणणाऱ्याला आणि काहीच न जाणणाऱ्याला एकच माप.

दुसरा नियम प्रत्येक बरोबर पर्यायाला अंशतः गुण देण्याचा. २००२ पासून जगभर वापरात असलेल्या ‘मूडल’ या मुक्त प्रणालीत शिक्षकाला प्रत्येक पर्यायाचे वजन ठरविता येते. दोन पर्याय बरोबर असतील तर प्रत्येकाला पन्नास टक्के द्यावेत आणि चुकीच्या पर्यायांना शून्य, असे बहुतेक नवखा शिक्षक ठरवितो. आणि येथेच तो फसतो. कारण मग चारही चौकोनांवर डोळे मिटून खुणा करणाऱ्याला शंभर टक्के मिळतात. सोडतीची सगळी तिकिटे फुकट वाटल्यासारखे हे आहे. उपाय असा की, प्रत्येक चुकीच्या निवडीला तितकेच ऋण वजन द्यावे आणि एकूण गुण शून्याखाली जाऊ देऊ नयेत. म्हणजे सगळीकडे खुणा करणाऱ्याची बेरीज शून्य होते, आणि एकच बरोबर कारण ओळखणाऱ्याच्या पदरात अर्धे गुण पडतात.

तिसरा नियम आयआयटीच्या ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ परीक्षेत रूढ झाला, आणि तो विचार करण्याजोगा आहे. सर्व बरोबर पर्याय निवडले तर चार गुण; काही बरोबर पर्याय राहून गेले पण एकही चुकीचा निवडला नाही, तर निवडलेल्या प्रत्येकाला एक गुण; एक जरी चुकीचा निवडला तर वजा दोन. याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. ‘अ’ बरोबर आहे आणि ‘क’ व ‘ड’ चूक आहेत, याची विद्यार्थ्याला खात्री आहे. ‘ब’विषयी मात्र मन द्विधा आहे. त्याने फक्त ‘अ’ निवडला, तर ‘ब’ बरोबर निघाल्यास त्याला एक गुण आणि चूक निघाल्यास चार, सरासरी अडीच. त्याने ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही निवडले, तर चार किंवा वजा दोन; सरासरी एक. हिशेब पुढे नेला तर असे दिसते की, ‘ब’ बरोबर असल्याचा भरवसा तीनांत दोन इतका झाल्याखेरीज त्यावर खूण करणे तोट्याचे आहे. थोडक्यात, जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोला, असे हा नियम विद्यार्थ्याला सांगतो.

निवडपरीक्षेत ही शिस्त योग्यच. परंतु शिकविण्याच्या चाचणीत दंड नको, असे माझे मत आहे. तेथे विद्यार्थ्याने आपला गैरसमज निर्भयपणे उघड करावा, हीच तर आपली गरज असते. जो गैरसमज दंडाच्या भीतीने मनातच राहिला, तो दुरुस्त कसा व्हावा? म्हणून अशा चाचणीत दुसरा नियम, म्हणजे अंशतः गुण आणि शून्याची तळरेषा, हा अधिक न्याय्य वाटतो. कोणता नियम लावला आहे, हे मात्र प्रश्न सोडविण्यापूर्वीच विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. भाव न सांगता माल तोलणारा व्यापारी आपण खपवून घेत नाही.

चुकीचा पर्याय हाच खरा पर्याय

प्रश्नकर्त्याचे कौशल्य बरोबर उत्तर लिहिण्यात नसते. ते पुस्तकात असतेच. त्याचे कौशल्य चुकीचे पर्याय लिहिण्यात असते. माझा प्रश्न आता असा आहे : ‘मक्याचा मागणीवक्र ज्या ज्या घटनेमुळे उजवीकडे सरकेल तिच्यावर खूण करा. (अ) कोंबडीपालन वाढले. (ब) इथेनॉलसाठी मक्याची खरेदी वाढली. (क) मक्याचा भाव उतरला. (ड) मक्याचे विक्रमी पीक आले.’ पहिले दोन बरोबर. तिसरा पर्याय मी मनाने रचलेला नाही. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांतून वाचलेली ती चूक आहे. भाव उतरला की लोक अधिक घेतात, म्हणून वक्र सरकतो, असे विद्यार्थ्याला वाटते. वस्तुतः वक्र जागेवरच असतो. ग्राहक त्याच वक्रावर खाली येतो. चौथ्या पर्यायात मागणी आणि पुरवठा यांचीच गल्लत आहे.

वरील नियमाप्रमाणे ज्याने फक्त ‘अ’ निवडला त्याला अर्धे गुण, आणि ज्याने ‘अ’, ‘ब’ व ‘क’ निवडले त्यालाही अर्धेच गुण. आकडा एक, पण दुखणी दोन : पहिल्याचे ज्ञान अपुरे आहे, दुसऱ्याचे चुकीच्या ज्ञानाशी मिसळलेले आहे. नुसत्या गुणावरून हे कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण लिहून ठेवावे आणि विद्यार्थ्याने उत्तर दिल्याबरोबर ते त्याला दिसावे. बहुतेक प्रणालींत ही सोय असते. ती रिकामी राहते एवढेच. कागदी परीक्षेला जे कधी जमले नव्हते ते येथे जमू शकते : चूक झाल्या क्षणी, चुकीच्या जागेवर, चुकीचे कारण सांगणे. ही एक गोष्ट सोडली, तर संगणकावरील चाचणी म्हणजे घाईने तपासलेली जुनीच प्रश्नपत्रिका होय.

याखेरीज काही पथ्ये अनुभवाने सुचतात. पर्याय एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. एक बरोबर ठरल्याने दुसरा आपोआप चूक ठरत असेल तर तो प्रश्न अनेक उत्तरांचा नव्हे. ‘वरील सर्व’ हा पर्याय या प्रकारात निरर्थक आहे. दर वेळी दोनच उत्तरे बरोबर ठेवली की विद्यार्थी ती खोड ओळखतात. कधी एक, कधी तीन, कधी चारही असावीत. ज्या प्रश्नाला खरोखर एकच उत्तर आहे, त्याला ओढूनताणून अनेक उत्तरांचा वेष चढवू नये. आणि चाचणी झाल्यावर, वर्गातील जाणती मुले एखाद्या प्रश्नात एकजात ‘चुकली’ असतील, तर आधी मुलांवर नव्हे, उत्तरतालिकेवर संशय घ्यावा.

श्रम कोणी करावयाचे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, या सगळ्या खटाटोपापेक्षा लेखी परीक्षा काय वाईट? वर्णनात्मक उत्तराचे महत्त्व मीही मानतो. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धतीचा निर्णय झाला, उमेदवारांनी पुण्यात आंदोलन केले आणि २०२३ मध्ये ती अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली, हा इतिहास ताजा आहे. विचारांची मांडणी पाहावयाची असेल तर लिहावयासच लावले पाहिजे. परंतु शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात दर आठवड्याला निबंध तपासणे कोणाही शिक्षकाला शक्य नाही, आणि दर आठवड्याला तपासणी झाल्याखेरीज विद्यार्थी कोठे अडला हे कळत नाही. दोन्ही पद्धतींची कामे निराळी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : एवढा वेळ कोठून आणावयाचा? चांगला अनेकउत्तरी प्रश्न, त्याची वजने आणि चार स्पष्टीकरणे लिहावयास मला तासभर लागतो. साधे दहा प्रश्न तेवढ्याच वेळात होतात. हे खरे आहे. पण प्रश्नकर्त्याने वाचविलेला तो तास नाहीसा होत नाही. तो विद्यार्थ्यांच्या खात्यावर खर्ची पडतो, संभ्रमाच्या आणि अन्यायाच्या रूपाने, आणि तोही शंभर पटीने. पन्नास घाईच्या प्रश्नांपेक्षा दहा विचारपूर्वक रचलेले प्रश्न अधिक शिकवितात. एका विषयाच्या शेजारपाजारच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी प्रत्येकी दहा लिहिले आणि एकत्र ठेवले, तर दोन वर्षांत मराठीतील एक उत्तम प्रश्नसंग्रह उभा राहील. आज मराठीत जे मिळते ते बहुधा इंग्रजीवरून उतरविलेले असते, आणि त्यात ना मका असतो ना अद्रक.

प्रमाणपत्रापुरत्या शिक्षणाचीही एक बाजू येथे आहे. ज्या चाचणीत ठरावीक टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र हाती पडते, तिची तयार उत्तरे मोबाइलवरून कशी फिरतात, हे शिक्षक बंधुभगिनींना मी सांगावयास नको. ‘पाचव्याचे उत्तर ब’ हा निरोप एका अक्षरात पोहोचतो. दर वर्षी बदलणाऱ्या स्थानिक उदाहरणावर चार निर्णय घ्यावयास लावणारा प्रश्न तितक्या सहज फिरविता येत नाही. फिरवला तरी तो समजून घेतल्याशिवाय उपयोगी पडत नाही.

गेल्या सत्रात मी एक साधी सवय लावून घेतली. चाचणी विद्यार्थ्यांसाठी खुली करण्यापूर्वी ती एका सहकाऱ्याला उत्तरतालिकेशिवाय सोडवावयास देतो. पहिल्याच वेळी बारा प्रश्नांपैकी तीन प्रश्नांत त्यांची आणि माझी उत्तरे जुळली नाहीत. एकात त्यांचे चुकले होते; दोन प्रश्न मला बदलावे लागले. शिवाय प्रत्येक चाचणीच्या शेवटी आता एक रिकामी चौकट असते : ‘एखाद्या प्रश्नाविषयी तुमचे म्हणणे असल्यास येथे लिहा.’ तो मक्याचा विद्यार्थी आता तिसऱ्या वर्षाला आहे. चौकट सुरू झाल्यावर त्यात पहिला मजकूर त्याचाच आला. त्याने लिहिले होते की, चौथ्या प्रश्नातील ‘ड’ हा पर्यायही बरोबर धरता येईल, आणि का, ते तीन ओळींत दिले होते. मी पुस्तके काढून पाहिली. या खेपेस त्याचे म्हणणे टिकले नाही. तसे मी त्याला सकारण लिहून कळविले, आणि तो प्रश्न पुढच्या वर्षासाठी अधिक स्पष्ट करून ठेवला.